चहाच्या ग्लासाची पोच

हेडक्लार्कनं चहाचा ग्लास उचलला, त्याचं ओलं बूड आमच्या अर्जाच्या प्रतीवर दाबलं आणि म्हणाला, "ही घे पोच. गोल शिक्का. झालं समाधान?"

खोलीतली चार माणसं हसली. एकानं नीट बघायला खुर्ची फिरवली.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. शेजारी सुमन उभी होती, माझ्याच गावची, माझ्याच वर्गातली. आमचं गाव चौसाळ्याजवळ. कार्यालय बीडमधलं, उच्च शिक्षणाचं. नाव लिहीत नाही, तिथं काम केलेले ओळखतील. अर्ज आम्ही एकोणीस जणींनी मिळून केला होता. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे. मागं राहायला घर असायचं, पण घरात कुणी नसायचं. मग कॉलेजातली मुलगी एक तर मजुरांच्या टोळीबरोबर उसाच्या फडावर जायची, नाहीतर घाईनं लग्न लावून सासरच्या टोळीबरोबर. आमची मागणी एवढीच होती की हंगामापुरतं तरी मुलींसाठी वसतिगृह द्या. मी दोन कागदांमध्ये कार्बन घालून अर्ज लिहिला होता. वरची प्रत त्यांची, खालची आमची.

ग्लासाच्या आधी काय बोलणं झालं ते शब्दन् शब्द आठवतं.

"कुठली गं?"

"चौसाळ्याकडची."

"बाप काय करतो?"

"कारखान्याला जातेत. आई बी."

"म्हंजे कोयता."

नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणारा मुकादम माणसं अशीच मोजतो. हेडक्लार्क मुकादम नव्हता. तो पंख्याखाली बसणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. पण मोजमाप त्याला तेच ठाऊक होतं.

"मग तू अर्धा कोयता. लगीन झालं की पुरा होशील. अर्ध्या कोयत्याला वसतिगृह कावून पायजे?"

मी म्हणाले, "पोच द्या."

कॉलेजातल्या ग्रंथपालांनी बजावून पाठवलं होतं. आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय हलायचं नाही. सुमननं माझा दंड दाबला. हेडक्लार्कनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग ग्लास उचलला.

वरची प्रत त्यानं टेबलाच्या खालच्या खणात टाकली. खालची, तपकिरी गोल उमटलेली, मी उचलली. रडले नाही. प्रतीची घडी घातली आणि निघाले.  बाहेर आल्यावर सुमन म्हणाली, "लई भारी शिक्का हाय गं. सरकारी शिक्का पुसट असतो." आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

वसतिगृह झालं नाही. सुमनचं लग्न त्याच हंगामात लागलं. अर्थशास्त्र ती मला शिकवायची, मी तिला नाही. मी अंबाजोगाईला मावशीकडं राहिले, तिच्या घरची धुणीभांडी करून पदवी घेतली, परीक्षा देऊन कनिष्ठ लिपिक झाले. बदल्या होत होत एक दिवस त्याच कार्यालयात आले. त्याच खोलीत. आवक-जावकच्या टेबलावर.

हेडक्लार्क निवृत्त झाला होता. टेबल तेच होतं. खालचा खणही तोच.

इथं खरं लिहायचं तर पुढचंही लिहावं लागेल. त्या खणाचा उपयोग मीही केला. पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं गेलं, "बाई, माणूस बघून नंबर द्यायचा." संस्थाचालकाचा कागद आला की उभ्याउभ्या नोंद. कुणी धोतरवाला, कुणी एकटी मुलगी आली की "ठेवा, बघतो." नंबर नसलेला कागद खणात. नंबर नाही म्हणजे उत्तराची मुदत नाही. मुदत नाही म्हणजे काम नाही. सगळे असंच करत होते आणि मला नोकरी टिकवायची होती. बारा वर्षं केलं. ज्या खणात माझा अर्ज मेला, त्यात मी दुसऱ्यांचे टाकले.

गेल्या वर्षी कार्यालयाचा इतिहास लिहायचं ठरलं. वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची होती. साहेबांनी मला बोलावलं. आमचे साहेब तरुण आहेत, पुण्याकडचे. कुणावर आवाज चढवत नाहीत.

"बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. जुनी दफ्तरं पण तुम्हालाच माहीत. मसुदा तुम्ही करा. नाव अर्थात माझं जाईल, पण आभारात तुम्हाला घेऊ."

मी दोन महिने दफ्तरखान्यात बसले. सगळ्यात जुन्या फायलींवर निजामाच्या काळातले उर्दू शेरे होते, ते वाचायला एका निवृत्त मास्तरांना बोलावलं. त्यानंतरचा इतिहास सोपा आहे. आधी शाळा आणि कॉलेजं एकाच खात्याखाली होती. मग कॉलेजं वेगळी झाली. पाटी बदलली, खुर्च्या त्याच राहिल्या. कार्यालय भाड्याच्या माडीवरून सरकारी इमारतीत आलं. एकेका अधिकाऱ्याच्या नावामागं एकेका इमारतीचं उद्घाटन. ज्यांनी अर्ज केले ती माणसं त्यात कुठंच नव्हती. मीही तसाच मसुदा लिहीत गेले.

मग विद्यार्थिनींच्या सोयींचं प्रकरण आलं. साहेबांनी वाक्य सांगितलं, "या जिल्ह्यातून मुलींच्या वसतिगृहाची कोणतीही मागणी पूर्वी कार्यालयास प्राप्त झालेली नाही."

हे वाक्य नुसतं स्मरणिकेसाठी नव्हतं. ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींच्या वसतिगृहाचा एक प्रस्ताव त्याच सुमारास वर गेला होता आणि वरून विचारणा आली होती की या जिल्ह्यातून जुनी मागणी आहे का. उत्तरात हेच वाक्य जाणार होतं. खाली प्रमाणपत्र, 'आवक नोंदवहीवरून पडताळले'. त्याखाली सही माझी.

मी त्या वर्षाची नोंदवही काढली. आमचा दिवस शोधला. तारीख मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी पाच कागदांना नंबर मिळाला होता. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण. भिंतींच्या रंगकामाचं पत्र. मोडक्या पंख्याची तक्रार. एक रजेचा अर्ज. आणि एका संस्थाचालकाच्या मुलाची लग्नपत्रिका.

लग्नपत्रिकेला आवक क्रमांक होता. आम्हा एकोणीस जणींना नव्हता.

मी नोंदवही मिटली नाही. तशीच उघडी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"मी सही करणार नाही, साहेब. मागणी आली होती."

"नोंद कुठाय?"

"नोंद केली नाही."

"मग आली नाही. नोंद नाही म्हणजे मागणी नाही. एवढी वर्षं आवक सांभाळताय, तुम्हाला मी हे सांगायचं?"

"मी स्वतः आणली होती."

साहेबांनी नोंदवही मिटली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही इथं कर्मचारी आहात की अर्जदार?"

ग्लासापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. त्या वेळी मी बाहेरची होते. आता पगार घेऊन, खुर्चीत बसून, त्यांचा इतिहास माझ्या चांगल्या अक्षरात लिहून देऊनही मी बाहेरचीच होते. आत राहायचं तर आपण कधी आलोच नव्हतो असं लिहून द्यायचं.

मी म्हणाले, "आधी अर्जदार. कर्मचारी नंतर झाले."

दुसऱ्या दिवशी घरातल्या पत्र्याच्या पेटीतून ती प्रत आणली. घड्यांवर कागद विरला होता. कार्बनची निळी अक्षरं पुसट झाली होती. ग्लासाचा गोल मात्र ठळक होता. सुमन बरोबर बोलली होती.

मी चालू नोंदवही उघडली. आवक क्रमांक चारशे सतरा. मिळाल्याची तारीख, आजची. पत्राची तारीख, तेव्हाची. 'कोणाकडून' या रकान्यात सुमनचं नाव पहिलं लिहिलं, मग माझं, मग उरलेल्या सतरा जणींची. 'आणि इतर' लिहिलं नाही. रकाना पुरला नाही म्हणून पुढच्या ओळी घेतल्या. मग प्रतीवर शिक्का मारला, त्या गोलाच्या शेजारी.

साहेब स्वतः टेबलापाशी आले.

"हे खोडा."

"नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, साहेब. तुमचंच परिपत्रक आहे."

"तुम्हाला कळतंय ना, यानं काय होईल?"

"कळतंय."

खोलीत या वेळी कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. सगळे आपापल्या फायलीत बघत होते. त्यांचं खाली बघणं मला समजतं. प्रत्येकाच्या टेबलाला खालचा खण आहे.

चार दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी उत्तर दिलं. पोच घेतली.

संध्याकाळी सुमनला फोन लावला. ती फडावर होती, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. मागं ट्रॅक्टर चालू होता.

"आपल्या अर्जाला नंबर पडला," मी म्हणाले.

"कंच्या अर्जाला?"

"वसतिगृहाच्या."

 "मंग, झालं का वसतिगृह?"

"न्हाई."

"मंग कावून फोन केलास? माझी नात हितं उसाच्या पाचटात बसलीय, लेकीचं कॉलेज सुटलं तसं हिची शाळा सुटली. वसतिगृह झाल्यावर फोन कर." आणि तिनं फोन ठेवला.

ती बरोबर बोलली. नंबर म्हणजे वसतिगृह नव्हे.

खालचा खण मी रिकामा केला. त्यात एकतीस कागद निघाले. काही माझ्या आधीचे, बरेचसे माझ्या हातचे. आमच्या अर्जाची वरची प्रत त्यांत नव्हती. सगळ्यांना नंबर दिला आणि ज्यांचे पत्ते होते त्यांना पोच पाठवली. माझ्या हातच्या कागदांपुढं नोंदवहीत उशिराच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'लिपिकाची कसूर', आणि खाली माझी सही केली. वाचायचं असेल तर वाचावं.

आता माझ्या टेबलाशी कुणीही आलं की त्याच्यासमोर नोंदवही फिरवते आणि नंबर त्याला वाचायला लावते. ज्याला वाचता येत नाही त्याला मोठ्यानं वाचून दाखवते. रांग वाढते, लोक कुरकुर करतात. करू देत.

माझी बदली होणार, हे आता शिपायालाही ठाऊक आहे. जिथं टाकतील तिथं आवक नोंदवही असेल, नसली तर मी मागेन. स्मरणिका माझ्या मसुद्याशिवाय निघाली, त्यात ते वाक्य जसंच्या तसं आहे. प्रस्तावाच्या उत्तरावरचं प्रमाणपत्र मात्र अजून फाईलमध्येच पडून आहे. चौथ्यांदा माझ्याकडं आलं. चौथ्यांदा सही न करता, क्रमांक चारशे सतराची प्रत जोडून, मी परत पाठवलं. पाचव्यांदा आलं तर पाचव्यांदा पाठवेन.