मोठ्याने मोजू नका

सांधेदुखीच्या बामचा उग्र वास आला की इंग्लंडमधल्या स्लाऊच्या क्लिनिकमधली ती दुपार आठवते. मी पुण्याहून आलेली नवी फिजिओ होते आणि खुर्चीतला म्हातारा एकेकाळचा अमेरिकन फुटबॉलमधला लाइनमन. म्हणजे ओरडलेल्या आकड्यांचा इशारा मिळताच समोरच्याला धडक देऊन अडवणारा. बारा वर्षं तेच करून गुडघे गेले होते, डोक्यातही फारसं काही टिकत नव्हतं. त्याची इंग्लिश बायको वॉकर धरून समोर उभी होती. त्याला उठवायला मी कॉलेजात शिकवलेल्या खणखणीत आवाजात मोजलं, "वन, टू, थ्री!" त्यासरशी तो वाकला, एक हात जमिनीला टेकवला आणि वॉकरसकट तिच्यावर जाऊन आदळला. ती भिंतीला धरून उठली, ओठाचं रक्त पुसत मला म्हणाली, "तुझी चूक नाही, लव्ह. त्याच्यासमोर मोठ्याने मोजू नकोस, हे मीच सांगायला हवं होतं." तो मात्र भेदरून तिला विचारत होता, "फार लागलं का, मॅम? तुमच्याबरोबर कुणी आलंय का?" ती म्हणाली, "हो, माझा नवरा आलाय." आता मी कुणालाही उठवताना तोंड मिटून मोजते.