बराखीतली बाटली

नाशिकच्या माणसाला वाइनमधलं सगळं कळतं, हा समज चाकणकडे फार पक्का आहे. त्यामुळेच माझे साडू दत्ताभाऊ यांचा फोन आला, "पाव्हणं, एक बाटली चाखून सांगायचीय," आणि आयुष्यभर भूमिती शिकवलेला मी गाडी काढून निघालो.

राजगुरुनगरपर्यंत रस्ता बरा होता. चाकणच्या चौकात मात्र नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरमागे इतका अडकलो, की बरोबर घेतलेला चिवडा तिथेच संपला. दत्ताभाऊंचं घर चौकापुढे, एका मोटार कंपनीच्या भिंतीला लागून आहे.

बाटली बराखीत (कांदा साठवायच्या जागेत) आडवी ठेवलेली होती. पूर्वी कंपनीत मशीन बसवायला आलेल्या इटलीच्या मार्कोनं ती निरोप घेताना दिली होती, जितकी ठेवाल तितकी मुरेल असं सांगून. दत्ताभाऊ थेंबही घेत नाहीत. पण दर दसऱ्याला हत्यारांबरोबर तिलाही हळद-कुंकू लागायचं, त्यामुळे लेबलावरचं साल पार पुसलं होतं.

उघडताना बूच मोडून आत पडलं. ग्लासात गडद लाल रंग उतरला, कडेला विटकरी. पहिल्या घोटाला जीभ आखडली, कच्च्या जांभळानं आखडते तशी. बिघडली, असं मनात म्हटलं. मेहुणीबाईंनी पिठलं-भाकरी वाढेपर्यंत ग्लास तसाच राहिला. मग दुसरा घोट घेतला तर तीच वाइन मऊ झालेली! पिकलं जांभूळ, ओली माती, जुनं चामडं, आणि मागून थोडा कांदा. हा कांदा बाटलीतला की बराखीतला? माझा पुरता गोंधळ उडाला.

"चांगली हाय का न्हाई, येवढंच सांगा," दत्ताभाऊ म्हणाले. "मार्को दिवाळीला येतोय. त्याचीच बाटली त्याच्या म्होरं ठेवायचीय. खराब निघाली तर त्याला काय वाटंल?"

"चांगली आहे," मी घाबरत म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. मेहुणीबाईंनी लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा बाटलीच्या तोंडाला दादरा (फडकं) बांधला आणि ती परत बराखीत ठेवली. "आता दिवाळीलाच सोडू."

मी हबकलो. बूच काढताना मला वाटलं होतं, आजच प्यायची आहे. वाइनबद्दल मला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की एकदा उघडली की ती फार टिकत नाही. पण दत्ताभाऊंचा आनंद मोडवेना. मुकाट्यानं निघालो.

मंचरला चहाला थांबलो, तेव्हा राहवेना. फोन लावून सगळं सांगून टाकलं.

"आन् हे तवाच का न्हाई बोलला, राव?"

"मलाच काही सुचत नव्हतं, भाऊ. मार्कोला आत्ताच फोन करा. म्हणावं, बाटली उघडली."

"आन् त्यानं इचारलं, कशी हुती, तर?"

चहा हातात तसाच होता. मी जीभ टाळूला लावून पाहिली. चव अजून तिथेच होती, जायला तयार नव्हती.

"चांगली होती," मी म्हणालो. "आणि संपलेली नाही. मी मुक्कामाला येतोय."

चहा तसाच ठेवून मी गाडी परत चाकणकडे वळवली.