भांग आणि कंस

मला त्या दिवशी आनंद झाला होता, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. गोराईला जायला निघालो तेव्हा सुनंदा म्हणाली, "पास्कलच्या पोरीचं लग्न रविवारी आहे ना? मग आज बुधवारी कशाला?" मी म्हणालो, "मदतीला." ते खोटं होतं. मी कबुली द्यायला चाललो होतो. आठ महिने उशिरा.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर हा प्रवास कळायचा नाही. मी मुलुंडला राहतो, अंधेरीला पंपाच्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी करतो, आणि बावीस वर्षं टोपणनावाने हेरकथा लिहितो. हे सुनंदाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा-ड्रोन सुरू झाले, आपल्याकडेही भोंग्यांची नि दिवे घालवायची तालीम झाली, तेव्हा मी त्याच युद्धातली एक कादंबरी लिहीत होतो. तिच्यात गोराईचा एक फितूर मच्छीमार होता. त्याच्या होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) हिरवा पट्टा आणि त्यावर पांढरा मासा. तो फोनवर सांकेतिक बोलतो: "भांगात पाहुणे नकोत. उधाणाला पाठव."

तसा हिरवा पट्टा, तसा पांढरा मासा असलेली होडी गोराईत एकच आहे. ती पास्कलची. आम्ही आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात एका बाकावर होतो. भांग हा शब्दही मी त्याच्याच तोंडून उचलला. भांग (अष्टमीच्या आसपासची दुबळी भरती, पिण्याची भांग नव्हे). उधाण (अमावस्या-पौर्णिमेची जोरदार भरती). कोकणातला असल्यामुळे मला अर्थ ठाऊक होता. इतरांना नसेल, हे डोक्यातच आलं नाही.

ते प्रकरण मी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं. नाव नाही, 'क्रमशः' नाही. लोकांना कसं वाटतंय ते गुपचूप बघायचं होतं. कुणीतरी त्यातला होडीचा परिच्छेद तेवढा कापून घेतला आणि खाली 'सावध रहा, सगळ्यांना पाठवा' असं जोडलं. संध्याकाळपर्यंत घाटकोपरच्या मेव्हणीकडून तो मजकूर माझ्याकडेच परत आला. बोरिवलीच्या एका सहकाऱ्याकडून आला. ऑफिसच्या शिपायाने मला बाजूला घेऊन दाखवला. आनंद झाला तो तेव्हा. बावीस वर्षांत माझं एवढं कुणी वाचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पास्कलला चौकीत नेलं. होडीत त्याची भरतीची वही सापडली. पानापानावर 'भांग', 'उधाण', 'भांग'. आता काय, हेर तर हेर, वर अमली पदार्थांचाही संशय. दोन दिवस बसवून ठेवलं. शेवटी देवगडकडचा एक जुना हवालदार रजेवरून आला, वही बघून हसत सुटला आणि म्हणाला, "अहो, हे पाण्याचं लिहिलंय." पास्कल सुटला. होडी मात्र पावसाळी मासेमारीबंदीच्या तोंडावर आठ दिवस अडकून पडली.

हे सगळं त्यानेच मला फोनवर सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "कुणी केलं ते मला माहितीय. इनासने. विहिरीच्या जागेवरून वाकडं होतं ना आमचं." इनास त्याचा सख्खा मोठा भाऊ. मी म्हणालो, "असेल बाबा."

असेल बाबा. हे दोन शब्द मी आठ महिने मागे घेतले नाहीत. मग निघायच्या दोन दिवस आधी लग्नाचं आमंत्रण द्यायला फोन आला. त्यांच्यात लग्नाआदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात (वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या न्हाणाचं पाणी आणायची रीत). घराण्याची विहीर इनासच्या अंगणात आहे. पास्कल म्हणाला, "यंदा नळाचं पाणी. इनासच्या विहिरीवर माझी पोरगी पाय नाय ठेवणार." फोन ठेवला आणि मी रजेचा अर्ज लिहिला.

मुलुंड चेकनाक्यावर बोरिवलीची बस सकाळी साडेआठला मिळाली, खिडकीही मिळाली. पवईच्या तलावावर जानेवारीचं धुकं होतं, बगळे ओळीने बसले होते. शेजारी एक गृहस्थ मांडीवर फुलकोबीची पिशवी घेऊन बसले होते. "कुठवर?" त्यांनी विचारलं.

"गोराई."

"मजा आहे," ते म्हणाले. मी मान डोलावली.

दिंडोशीला बस थांबली आणि मी उतरून गेलो. उतरायचं काही कारण नव्हतं. तिथल्या कोर्टाच्या बाहेर टपरीवर साबुदाणा वडा घेतला, चांगला कुरकुरीत होता, पण अर्धाच खाल्ला. तारखेला आलेली माणसं कागद छातीशी धरून उभी होती. शेजारी निळ्या ताडपत्रीखाली एक बाई टायपिंगला बसल्या होत्या. फळीवर लॅपटॉप, खाली प्रिंटर, प्रिंटरवर विटेचा तुकडा.

"प्रतिज्ञापत्र का, काका?"

"एक चूक झालीय. ती लिहून द्यायची आहे."

"कुणाची चूक?"

"एका माणसाची."

"माणसाला नाव असेल ना."

मी नाव सांगितलं. माझं खरं नाव त्या मजकुराशेजारी मी पहिल्यांदाच उच्चारलं. बाईंनी सगळं ऐकत टाइप केलं, मान वर न करता. मध्येच थांबल्या. "हा पास्कल. त्याला माहितीय?"

"नाही."

"मग आधी त्याला सांगा. त्याला कागदावरून कळलं तर दुसरी केस घेऊन याल माझ्याकडे." तरी त्यांनी पान छापून दिलं. "सही आत्ता करू नका. सांगून झाल्यावर करा."

पुढची बस, मग बोरिवलीहून रिक्षा, मग गोराईचा धक्का. खाडीपलीकडे पॅगोडाचा सोनेरी घुमट उन्हात चमकत होता. ओहोटी होती, पण दिवस भांगाचे, पाणी फारसं उतरलं नव्हतं. होडीत माणसं, दोन मोटरसायकली, बर्फाचे खोके. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं. मी घसरलो, बॅग वर धरली, आणि डावी चप्पल खाडीत गेली. होडीवाल्याने बांबूने ती ओढून काढली. तोवर सगळ्या होडीचं मनोरंजन झालं होतं.

"चप्पल वाचवलीस, बॅग वाचवलीस, स्वतःला कोण वाचवल?" समोर टोपली घेऊन बसलेली कोळीण म्हणाली. "कुनाकडं चाललास?"

"पास्कलकडे."

"कंच्या पास्कलकडं? भांगवाला पास्कल?"

होडीतली दोन-तीन माणसं हसली. मला कळायला क्षणभर लागला. गावात आता त्याचं हे नाव पडलं होतं.

"होय," मी म्हणालो. "त्याच्याकडेच."

"मग बोल ना तसं. पोरीचं लगीन हाय त्याच्या. मांडव बघून जा." तिने टोपलीवरचं ओलं फडकं मला पाय पुसायला दिलं. फडक्याला बोंबलाचा वास होता. मी पाय पुसले.

पलीकडच्या धक्क्यावरून शेअर रिक्षा गावात जाते. दोन्हीकडे मिठागरासारखी चमकणारी खाजणं (खाऱ्या पाण्याची दलदल), मग ताडाची झाडं, मग क्रूस, मग घरं. पास्कलच्या दारात अर्धा मांडव उभा होता. त्याची बायको मार्था चुलीवर फुगे तळत होती (ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे पोकळ, गोल गोळे). तिने विचारलंसुद्धा नाही, ताटलीत चार फुगे आणि बाटली मसाल्याचं (बाटलीत भरून ठेवतात तो त्यांचा लाल मसाला) कोलंबीचं कालवण वाढलं. पास्कल मागे नायलॉनचा दोर सांधत बसला होता.

"काय रे अव्या, तारीख चुकलास? लग्न रविवारी."

"माहितीय."

"मग खा आधी. तोंड बघ तुझं, मयताला आल्यासारखं."

मी खाल्लं नाही. उभाच राहिलो आणि म्हणालो, "पास्कल, ते मी लिहिलं होतं."

"काय?"

"ते. होडी, हिरवा पट्टा, भांग. ती गोष्ट आहे. माझ्या कादंबरीतलं प्रकरण. मीच पाठवलं, लोकांनी कापलं, पुढे गेलं. इनासचा काही संबंध नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्याचा हात दोरावरच राहिला. मला वाटलं होतं, तो उठेल. तो उठला नाही. नुसतं म्हणाला, "तू गोष्टी लिहितोस?"

"हो."

"कधीपासून?"

"बावीस वर्षं."

"बावीस." त्याने दोर खाली ठेवला. "माझ्या लग्नात नाचलास, बाप्तिस्म्याला आलास, माझ्या इंजिनात हात घातलास. आणि हे आज सांगतोस."

आतून तेलाचा चर्र आवाज येत होता.

"चर्चच्या बाहेर," तो म्हणाला, "सगळ्या गावासमोर, मी इनासच्या पायाशी थुंकलो रे. त्याने काय केलं माहितीय? पायाने माती लोटली त्याच्यावर. आणि घरी गेला. एक शब्द नाय बोलला." त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. मग उघडून विचारलं, "त्या गोष्टीत माझं पुढं काय होतं?"

"शेवटच्या प्रकरणात मरतोस."

"कसा?"

"आपल्या देशाचा हेर गोळी घालतो. होडीत."

"म्हणजे बदनाम केलास ते केलास, वर मारलास पण." तो माझ्याकडे बघत राहिला. "साल्या, पट्टा तरी बदलायचास. निळा केला असतास तर काय शाई संपली असती?"

मार्था दारात झारा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. ती एवढंच म्हणाली, "हितं बसून काय करताव? त्याच्याकडं जावा." आणि मला म्हणाली, "तू बी."

पास्कलने सदरा चढवला. गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. "तू पुढं हो. मला एकट्याला नाय जमायचं."

इनासचं घर चार घरं सोडून. अंगणात विहीर, काठावर तुळशीएवढा दगडी क्रूस. इनास सत्तरीकडे झुकलेला, पायरीवर बसून पुठ्ठ्याने सुक्या माशांवरच्या माशा हाकत होता. धाकट्या भावाला बघून त्याचा हात थांबला. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, नाही गेलं.

झाल्यावर इनास मला म्हणाला, "भांग म्हणजे काय, ठाव होतं तुला?"

"होतं."

"मग कंसात लिवायचं ना. पुस्तकात लिवतात तसं. एवढं शिकून कंस नाय आला तुला?"

पास्कल आधी हसला. मग त्याला हुंदका आला, मग दोन्ही एकदम. इनास त्याच्याकडे न बघता विहिरीकडे बघत होता.

"पाणी कवा हाय?" त्याने विचारलं.

"शनिवारी. संध्याकाळी."

"मग उद्या विहीर उपसून घेतो. पाला पडलाय."

एवढंच. मिठी नाही, माफी नाही. पास्कलने पायरीवरून दुसरा पुठ्ठा उचलला आणि तोही माशा हाकायला बसला. मी ते पान बॅगेतून काढलं आणि दोघांसमोर सही केली. इनासने साक्षीदार म्हणून नाव लिहिलं, ठळक, शाळेतल्या अक्षरात.

परतताना मार्थाने फुगे कागदात बांधून दिले. होडीत ऊन तिरपं झालं होतं, खाडीवर वारा होता, आणि मला इतकी भूक लागली होती की पलीकडच्या काठाला लागेपर्यंत चारही फुगे संपवले. कित्येक महिन्यांत खाल्लेलं पोटात गेल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं. बस दिंडोशीवरून गेली तेव्हा निळी ताडपत्री गुंडाळून ठेवलेली होती. मी उतरलो नाही. बाईंना सांगायचं होतं की आधी त्यालाच सांगितलं.

घरी सुनंदाला सगळं सांगितलं, त्या आनंदाचं सुद्धा. ती म्हणाली, "शनिवारी मी पण येते." आम्ही गेलो. बँडवाले पुढे, डोक्यावर छत्री धरलेली पास्कलची मुलगी मागे, आणि पहिली कळशी इनासने स्वतः ओढून दिली. पाणी त्याच विहिरीचं होतं. विहिरीच्या काठावर कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "भांगवाल्याची पोरगी रे!" आणि सगळ्यात मोठ्याने पास्कलच हसला.

गावाचं तेवढं मिटलं. माझं पूर्ण मिटलेलं नाही. सीमेवर काही वाजलं की अजूनही चौकीतली दोन माणसं पास्कलच्या दारात येतात, कारण चौकीच्या वहीत त्याचं नाव आहे आणि माझं नाही. सही केलेलं ते पान माझ्या टेबलाच्या खणात आहे. ते चौकीत नेऊन द्यायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.