दुसरा दोर

पुण्यात कुणी कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही हे जगजाहीर आहे. पण अविश्वासाचे रीतसर वर्ग चालवणारा माणूस या शहरात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. साडू तरुणपणी भोसरीच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात होते आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतल्या सुळक्यांना लोंबकळत असत. पुढं कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीचं गाजर दाखवलं, ते यांनी आनंदानं खाल्लं, आणि त्याच सुमाराला खराडीत ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उगवायला लागल्या. आतली मंडळी थंड हवेत बसून अमेरिकेचं काम करणार, ते ठीक. पण त्या काचा बाहेरून पुसणार कोण? साडूंनी दोरावर लटकून काम करण्याचं शिक्षण घेतलं, त्यातल्या तिन्ही परीक्षा देऊन सर्वांत वरचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि मांजरीला एक बंद पडलेलं गुऱ्हाळ भाड्यानं घेऊन त्यात सराव करायला लोखंडी सांगाडा उभा केला. जागेचे मालक पहिल्या दिवशी बघायला आले. वर टांगलेल्या पोरांकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हणं, गूळ काढायची जागा हाय ही. तुम्ही तर माणसं वाळत घातली."

या धंद्यातला पहिला नियम असा की माणूस कायम दोन दोरांवर हवा. एकावर काम करायचं, दुसरा नुसता सोबतीला. पहिल्याला काही झालंच तर दुसरा धरतो. शिवाय वर जाण्याआधी जोडीदारानं आपला पट्टा, आपलं हेल्मेट, आपला प्रत्येक हुक ओढून बघायचा आणि मोठ्यानं "बघितलं" म्हणायचं. हे सगळं गुऱ्हाळापुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण साडूंच्या पँटला बाहेरून पट्टा आणि आतून नाडी. चष्मे दोन, छत्र्या दोन, उशाशी गजराची घड्याळं दोन, आणि दोन्ही वाजायच्या आत हे स्वतः उठून बसलेले. ताईनं गॅस बंद केला की हे ओट्यापाशी जाऊन बटण चाचपणार, "बघितलं" म्हणणार, आणि तीही तसं म्हणेपर्यंत दाराला कुलूप लागायचं नाही. मी स्कूटरवरून गेलो की "या, बसा" राहिलं बाजूला, आधी माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढला जाई. एकदा मी वैतागून म्हणालो की अहो, आता मी उतरलोय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पण आलात ते असेच ना?"

आमच्या पुतणीच्या लग्नात तर कहरच झाला. गुरुजींनी नवऱ्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या शेल्याची गाठ मारली. साडू पहिल्या रांगेतून उठले, गाठ ओढून पाहिली, "गुरुजी, ही ताणावर सुटेल," असं म्हणाले आणि भर मांडवात त्यांनी आपल्या शास्त्रातली आठाच्या आकड्याची गाठ मारून दिली. वर तिच्या राखणीला आणखी एक. सप्तपदी झाली, पंगती उठल्या, वरातीची गाडी दारात आली, तरी गाठ सुटेना. करवलीची नखं मोडली, नवऱ्याच्या मामांनी दात लावून पाहिले. ज्यांनी मारली त्यांना बोलवावं तर ते मांडववाल्याचे दोर तपासायला गच्चीवर गेलेले! शेवटी उपरणं कापावं लागलं. गुरुजी निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले की पुढच्या कार्याला मलाच बोलवणार असाल तर या गृहस्थांना आधी जेवायला बसवा. त्या दोघांचा संसार आजही उत्तम चालला आहे आणि साडू त्याचं श्रेय अर्थातच त्या गाठीला देतात.

या प्रमाणपत्राची गंमत अशी की ते दर तीन वर्षांनी शिळं होतं. पुन्हा परीक्षा द्यायची, आणि ज्यानं शिकवलं त्यानं तपासायचं नाही, परीक्षक बाहेरचाच. हा नियम विद्यापीठानं उचलावा असं साडूंचं जुनं मत आहे. गेल्या खेपेला मात्र त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. नापास झाले तर वर जायची परवानगी संपली, खाली राहून नुसतं शिकवायचं. ताई तर देवाला हेच मागत होती. हे दोरावर असले की ती जेवत नसे, आणि एवढी वर्षं त्यासाठी तिनं सोमवार धरलेले. साडूंना मात्र वर जायचंच होतं. वर गेल्यावर आपल्याला बरं वाटतं, एवढंच ते सांगत. याहून जास्त खुलासा त्या माणसानं कधी केला नाही. परीक्षेत दोरावर अडकलेल्या बेशुद्ध माणसाला खाली आणून दाखवावं लागतं. सरावासाठी बेशुद्ध माणूस म्हणून त्यांनी मला जमिनीपासून हातभर उंचीवर टांगलं. मी आपला घाबरून देवाचं नाव घेत होतो, तर म्हणाले, "साडूभाऊ, बेशुद्ध माणूस स्तोत्र म्हणत नाही."

परीक्षेच्या दिवशी मी थालीपिठांचा डबा घेऊन गुऱ्हाळात हजर होतो. परीक्षक चेन्नईहून आलेले, अगदी मितभाषी. साडू झरझर वर गेले, मलाच नवल वाटलं. शेजारच्या दोरांवर वर्ध्याहून आलेली त्यांची एक विद्यार्थिनी परीक्षा देत होती. अर्ध्यावर साडूंची नजर तिच्याकडं गेली. तिच्या हेल्मेटचा पट्टा सुटला होता. झालं! हात पुरेना म्हणून या गृहस्थांनी आपल्या दुसऱ्या दोरावरचा हुक काढला, झोका घेऊन तिच्यापर्यंत गेले, पट्टा बसवला आणि खणखणीत "बघितलं" म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या छातीकडं पाहिलं. हुक हवेत लोंबत होता, परत अडकवायचा राहून गेला होता. परीक्षक तेव्हा खाली मान घालून आधीच्या उमेदवाराचे गुण लिहीत होते. मी खालून खूण केली की अडकवा गुपचूप. त्यांनी हुक अडकवला, आणि वरूनच म्हणाले, "साहेब, मी आत्ता एका दोरावर होतो. मला नापास करा."

परीक्षकांनी वर पाहिलं आणि आपण काही पाहिलं नसल्याचं सांगितलं.

"मी बघितलं," साडू म्हणाले.

ती मुलगी पास झाली, साडू नापास. साडूंनी तिच्या नावानं पेढे वाटले, मला दोन दिले. मला त्या माणसाचा इतका राग आला होता आणि इतका अभिमान वाटत होता की पेढा काही गोड लागेना.

परीक्षा पुन्हा देता येते. घरी आठवडाभर हे न बोलता बसलेले पाहून शेवटी ताईच म्हणाली, "परत बसा परीक्षेला. मी काही म्हणणार नाही." मी तिथंच होतो. सोमवार धरणाऱ्या ताईच्या तोंडून हे! साडूंनी तळहातांवरचे घट्टे चोळले. मग म्हणाले, "नको. वर जाणाऱ्याची नजर आधी स्वतःच्या दोरावर पाहिजे. माझी आता पोरांच्या दोरावर जाते. चुकून जात नाही, तिकडंच जाते."

हल्ली खराडीला काचांचं काम निघालं की ते इमारतीखाली दिवसभर वर बघत उभे असतात. मान धरली. डॉक्टरांनी विचारलं, की एवढी वर्षं उंचावर काम करताना कधी दुखली नाही का? तर म्हणाले, "तेव्हा वर बघायची वेळच आली नाही." ताई रोज संध्याकाळी त्या मानेला तेल चोळते. देवाकडं जे मागितलं ते तिला मिळालं, हे खाली आले. पण चोळता चोळता ती हळूच त्यांना विचारते, की वर कसं दिसायचं हो? आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिला सांगायला लागतात.