बायजाबाईंचा वरचा सूर

बायजाबाई गजभिये खापरखेड्याच्या कॉलनीत राहायच्या. भीमजयंतीला त्या गायला लागल्या की लोक हातातलं काम टाकून यायचे. ब्याऐंशी साली मी त्यांची कॅसेट काढली. इतवारीत माझा छोटा स्टुडिओ होता. कॅसेट दुकानात दणदणीत वाजावी म्हणून मी मशीनवरचा आवाजाचा काटा पार लाल पट्ट्यात ठेवायचो. वरच्या सुराला त्यांचा आवाज फाटलेला ऐकू आला, तेव्हा सगळ्या वाजवणाऱ्यांसमोर मी म्हणालो, "बाई, वय झालं तुमचं. गळा फाटून राहिला."

तीन वर्षांनी मी बारीकसारीक आवाजही स्वच्छ ऐकवणारे मोठे मॉनिटर स्पीकर बसवले आणि पहिली त्यांचीच कॅसेट लावली. त्या सुराला आवाज फाटला. पण सोबत पेटीही फाटली, ढोलकीही फाटली. पेटीचंही वय झालं होतं काय, मूर्खा? काटा तर तूच लाल पट्ट्यात चढवला होतास!

खापरखेड्याला जाऊन मी सगळं कबूल केलं. तांदूळ निवडता निवडता बायजाबाईंनी ऐकून घेतलं. मान वर केली नाही.

"आता काहून सांगून राहिले, भाऊ? तवापासून मी त नातवाच्या बारशालेबी पाळणा नाही म्हटला."