एलियाम्माच्या पार्सलातलं मांस

केरळातल्या आमच्या पाला गावात परदेशी पार्सल पाठवायचं, तर आधी एलियाम्मा चेचीची, म्हणजे एलियाम्माताईची, बोलणी खायची. एकतीस वर्षं ती टपाल कचेरीच्या खिडकीवर बसली. "रोसम्मा, डबा उघड," ती मला दरडवायची. "लोणचं म्हणतेस आणि वास कसला येतोय?" निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. खोट्या मेलांबद्दलही चर्चच्या आवारात तीच सगळ्यांना दटावायची, "पार्सलाच्या पावतीचा नंबर विचारा! नंबर नाही तर पुसून टाका!"

आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिची लेक शायनी आयर्लंडमध्ये नर्स, सातवा महिना लागलेला. तिला इडियिरच्चीचे, म्हणजे वाळवून कुटलेल्या मांसाचे, डोहाळे लागले. मांस पाठवायला बंदी आहे, हे चेचीइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिने ते बाळंतकाढ्याच्या डब्यात दडपलं आणि वर लिहिलं, 'औषधी पूड'.

दहाव्या दिवशी मेल आला. 'तुमच्या पार्सलात बंदी असलेली वस्तू सापडली आहे. आज दंड भरा, नाहीतर पार्सल घेणाऱ्यावर गुन्हा नोंदवू.'

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शायनीचे तिथे कायम राहायचे कागद त्याच महिन्यात मंजूर व्हायचे होते. विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं त्याला मांसाचं सांगावं लागणार. तिने कार्डाचा नंबर दिला, फोनवर आलेला आकडाही दिला. दुसऱ्या दिवशी आणखी दंड आला, तोही भरला. फोन कुणी ऐकत असेल, बोललं तर शायनी गोत्यात येईल, या भीतीने तिने पोरीचे फोन उचलणंच सोडलं. पाच दिवस दार लावून बसली. मला वाटलं, आजारी आहे.

सहाव्या दिवशी मीच रडत तिच्या दारात गेले. "चेची, मला वाचव. कॅनडाला माझ्या पोराकडे, टोमीकडे, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून घरची वाईन पाठवली होती गं. पकडली! हे बघ."

तिने चष्मा लावला. माझा मेल वाचला, मग स्वतःचा फोन काढून त्याच्याशेजारी धरला. शब्दाला शब्द तोच.

"नंबर नाही," ती पुटपुटली. "नाव नाही. देश नाही. वस्तू कोणती तेही नाही."

"मग वाईन त्यांना कशी कळली?"

"त्यांना कुठे कळली? तुझी तू ओळखलीस, माझी मी. चोराच्या मनात चांदणं, रोसम्मा!" असं म्हणाली आणि दोनदा दंड भरल्याचंही सांगून टाकलं. मी आधी बँकेला फोन लावून तिचं कार्ड बंद करवलं.

मग तिने शायनीला लावला.

"अम्मच्ची! जिवंत आहेस का? पार्सल केव्हाच आलं. मांस संपलंसुद्धा! फोन का नाही उचललास?"

चेचीला हुंदका आवरेना. मलाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ती आवारात उभी राहिली. "माझ्या पार्सलात मांस होतं," ती मोठ्याने म्हणाली. "मी लपवलं, म्हणून फसले. असा मेल कुणाला आलाय?"

बायका पदर सावरत फाटकाकडे वळल्या. दोघी-तिघी हसल्यासुद्धा.

दुपारी मात्र तिच्या मागच्या दाराशी एकेक करून सात बायका आल्या, प्रत्येकीच्या फोनवर तोच मेल. चौघींनी आधीच पैसे भरले होते, आणि त्यातल्या दोघींनी भीतीने घरच्यांशी बोलणंही बंद केलं होतं.