सिद्धोधन मामांचं पाऊल

आमच्या शाळेच्या सभागृहाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि डोक्याला ताप सुरू झाला. जिंतूर तालुक्यातली आमची शाळा. सभागृहाला साठ वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची टूम निघाली. कपाटं पालथी घातली, कागद एक सापडेना. सापडले ते सिद्धोधन मामा, अडतीस वर्षं शिपाई राहून निवृत्त झालेले.

स्टेजच्या पायरीपाशी सिमेंटमध्ये चार बोटांएवढं पाऊल उमटलेलं आहे. दहावीची पोरं परीक्षेआधी त्यावर हळदकुंकू वाहतात, कारण ते म्हणे कुणा महाराजांचं. इतकं लहान कसं? तर म्हणे, बालरूपात आले होते! दरवर्षी मामा ओलं फडकं घेऊन ते पुसत आणि ओरडत, "आरं लेकराहो, माझा पाय हाय त्यो! अभ्यास करा!" पोरं फिदीफिदी हसत.

मला मामांनी नीट सांगितलं. त्यांची आई पंचफुलाबाई या बांधकामावर घमेली वाहायची. दोन वर्षांचे मामा ओल्या सिमेंटवर चालत गेले.

"मायनं एक चापट दिली. मिस्त्री म्हणला, राहू दे. मॅडम, मायचं नाव तेवढं लिवा. देणगी देणाऱ्यांची नावं भिंतीवर हायत. तिचं कुठंच न्हाई."

मी पावलाच्या हकिकतीसकट तिचं नाव लिहिलं. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांनी तेवढीच ओळ खोडली. "लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, मॅडम." दोनदा मी भांडले. तिसऱ्यांदा गप्प बसले, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

समारंभाआधी जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसल्या. पाऊल तेवढं काचेखाली ठेवलं, भोवती स्टीलचा कठडा आणि पाटी: 'महाराजांचे बालपाऊल. चपला काढून यावे.'

मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. दारातच स्वयंसेवकानं अडवलं. "मामा, चप्पल." मामांनी निमूट चप्पल काढली आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले. भगवानरावांनी मोठ्या प्रेमानं त्यांच्या हातात झेंडूचं फूल दिलं.

"वाहा, मामा. लाजू नका."

मामांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मान वर करवेना.

"माझ्याच पायावर मी काय वाहू, साहेब?" त्यांनी फूल खिशात घातलं. "घरी मायचा फोटो हाय. तिला वाहतो."